छत्तीस टनांची काटापावती

मी काटापावती बोलतेय. हसू नका. वीतभर कागद, हिचं काय ऐकायचं, असं तुम्हाला वाटणारच. पण जालन्यातल्या एका वजनकाट्यावर मी जन्मले तेव्हा माझ्या अंगावर खरं छापलं होतं. ट्रक आणि त्यातली सळई मिळून छत्तीस टन. त्या ट्रकला परवानगी होती साडेअठ्ठावीसची.

आमच्या काट्यावर पावत्या दोन निघतात. खरी, व्यापाऱ्याला माल मोजून द्यायला. दुसरी, रस्त्यात कुणी अडवलं तर दाखवायला. तिच्यावर वजन कायद्यात बसवलेलं असतं. माझ्या त्या सवतीवर अठ्ठावीस छापलं. मग खरी नोंद कॉम्प्युटरातून पुसली. इतक्या निगुतीने ही माणसं आपलं घर तरी झाडतात का, देव जाणे!

कचरू ड्रायव्हर म्हणाला, "मालक, लई भरली. ब्रेक धरणार न्हाई."

"रोज धरतो की! चल, जल्दी निघ," मालक म्हणाला.

कचरूने मला शर्टाच्या खिशात कोंबलं आणि गाडी काढली. शहागडच्या अलीकडे पुंजाराम मोटारसायकलवरून शेताच्या रस्त्याला वळत होता. कचरूने त्याला लांबूनच पाहिलं, सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. पुंजाराम जागीच गेला.

कचरू भिऊन घरी पळाला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांत हजर झाला. मी घरी खुंटीवरच्या शर्टात राहिले. तिकडे मालकाने माझी सवत पुढे केली आणि हात वर केले. म्हणे, माल बराबर होता. ड्रायव्हर बेफाम आणि मोटारसायकलवालाही न बघता वळला. मेलेल्या माणसावर खापर फोडायला काय लागतं? तो थोडाच उलटून बोलणार!

जामीन मिळाल्यावर कचरू मला घेऊन पुंजारामच्या घरी गेला. त्याची बायको नंदाबाई दारात आली. हा बाहेरच उभा.

"बाई, मी गुन्हेगार हायेच. पण गाडी एवढी भरली नसती तर थांबली असती. तुमचा माणूस बघूनच वळून राह्यल्ता. हे घ्या."

तिने त्याला पाणी विचारलं नाही. मला मात्र घेतलं.

तिने तिचा भरपाईचा दावा लढणाऱ्या, जालन्याच्या अंतरा वकिलीणबाईंना फोन लावला. बटनांचा मोबाइल, त्यामुळे फोटो पाठवायची सोय नव्हती. "ताई, माझ्या भावाला कारनं उडवल्तं, तवा असला कागद कुणी मागितला न्हाई."

"कारच्या केसमध्ये बहुतेक वेळा चूक कोणाची, लायसन, विमा एवढ्यावर भागतं," अंतराताई म्हणाल्या. "ट्रक ही धंद्याची गाडी. तिचं परमिट, फिटनेस, माल किती, ड्रायव्हर किती तास गाडीवर, सगळं विचारता येतं. जास्त माल मालकानेच भरायला लावला हे दिसलं, की पुंजारामभाऊंवर चूक ढकलणं अवघड. पावती जिवापाड जपा. तारखेला घेऊन या."

"मला एवढंच पाह्यजे ताई. त्याची चूक नव्हती, हे कोर्टानं लिहून द्यावं. लोक घरात येऊन त्यालाच बोल लावून राह्यले."

आणि तिने मला जपलं हो! घरात महत्त्वाचा कागद आला की त्याचं काय करायचं, हे तिला ठाऊक होतं. आधार कार्ड, रेशनकार्ड, पोराचा दाखला, सगळं तिने तसंच जपलं होतं. ती मला स्टँडजवळ बद्रीनाथच्या दुकानात घेऊन गेली. "भाऊ, लॅमिनेशन करून दे. बिलकुल खराब झाला न्हाई पाह्यजे."

"पाण्यात टाका मंग, काई होणार न्हाई," म्हणत बद्रीनाथने मला तापलेल्या यंत्रात सरकवलं.

पाण्यातून मी कदाचित वाचले असते. पण माझ्यावर शाई नव्हतीच. आमचा कागद गरम करूनच छापतात. पुन्हा तापवला की सगळाच काळा पडतो. यंत्राच्या दुसऱ्या बाजूने मी बाहेर आले ती तव्यासारखी. नंदाबाईने मला उलटलं, पुन्हा सुलटलं.

"अक्षरं कुठं गेली?" तिने विचारलं.

कोर्टात कचरूने खरं सांगितलं. तो स्वतःची मान सोडवायला बोलतोय, असं मालकाचा वकील म्हणाला आणि त्याने माझी स्वच्छ, पांढरी सवत दाखवली. अंतराताईंनी मला उजेडात धरून पाहिलं आणि खाली ठेवलं. निकालात लिहिलं गेलं: अपघातात निम्मी चूक मयताची.

"निम्मी मंजे किती, ताई?" नंदाबाईने विचारलं. "तो तर पुरा मेला."

आता मी तिच्या पत्र्याच्या पेटीत असते. अंतराताई वरच्या कोर्टात जाऊ म्हणतात, पण तिथेही कागदच लागतो. दुपारी कुणी नसलं की नंदाबाई मला काढते आणि पदराने पुसत बसते. बाई, नको गं पुसू! माझ्यावर छत्तीस टन लिहिलेलं आहे, मी शपथेवर सांगते. पण कागदाची शपथ कोण मानतं? आणि हे तुझ्यामुळे झालं, हे तुला कुणी अजून बोललेलं नाही. तूच रोज स्वतःला बोलतेस, ते मात्र मी ऐकते.