शून्य बरोबर सात

मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी हुद्दार सर आपल्या बायकोला समांतर झाले.

भांडण त्याआधीच अंगणात उरकलं होतं. पद्मावतीबाईंनी ठिपक्यांची रांगोळी काढली, सरांनी चपलेच्या टोकाने सात ठिपके पुसले आणि म्हणाले, "रेषा चुकलीय तुझी." दहावीला गणित शिकवण्यात हयात गेलेला माणूस, दुसरं काय बोलणार! बाई म्हणाल्या, "बत्तीस वर्षं माझंच चुकतंय. एकदा तरी आपलं चुकलं म्हणा की." सर चपला काढून घरात आले.

मग बाई चहाचा कप घेऊन आल्या. सरांनी हात पुढे केला, तर हात कपाकडे न जाता सरळ सरांच्याच रेषेत वळला. सर एक पाऊल सरकले, बाईही तेवढ्याच सरकल्या, तिरप्या, त्याच दिशेला. मधलं अंतर दोन हातांना बोटभर कमी. सरांची नजर अशा बाबतीत पक्की. स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत ते अंतर तसूभरही हललं नाही. भिंत आडवी आली की भिंतच मुकाट्याने बाजूला व्हायची. घर लांबत चाललं होतं, समोरच्या कॅलेंडरवरची तारीख आता वाचता येईना.

"अहो, थांबा ना," बाई म्हणाल्या.

"थांबता येत नाही. तू थांब."

"मलाही येत नाहीये."

आता रात्री कसं, सरांच्या मनात आलं. बायकोचा हात हातात असल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. पण हे तिला कधी सांगितलं असेल तर शपथ.

पुढे शिकवणीचा जुना फळा लागला. त्यावर दोन समीकरणं सरांच्याच अक्षरात लिहिलेली होती. सरांचं: दोन क्ष अधिक तीन य बरोबर बारा. बाईंचं: दोन क्ष अधिक तीन य बरोबर एकोणीस. सरांनी आपलं समीकरण बाईंच्यातून वजा केलं. क्ष गेले, य गेले. उरलं शून्य बरोबर सात. वजाबाकीत शेवटच्या पदाचं चिन्ह बदलायला पोरं विसरतात, म्हणून सरांनी जन्मभर कान पिळले होते. तेही तपासून पाहिलं. चिन्ह बरोबर होतं. म्हणजे उकल नाही, या दोन रेषा कुठेच भेटणार नाहीत.

"तुमच्या तिनाचे दोन करा," पलीकडून बाई म्हणाल्या. आता बोला! भाजी निवडता निवडता बाईंनी सगळी शिकवणी ऐकली होती. "तुमची रेषा जरा कलेल. मग भेटू."

सरांनी मांडून पाहिलं. य सात, क्ष उणे एक. घराचा उंबरा म्हणजे शून्य. उणे एक म्हणजे दाराबाहेर, गल्लीत, सगळ्यांच्या देखत. आणि भेट एकदाच. तो बिंदू ओलांडला की दोघं लांब जाणार ते जाणारच.

"एकदा पुरे," बाई म्हणाल्या. "तेवढ्यात म्हणा जे म्हणायचंय ते."

"मी कलायचं? गल्लीत?"

"हो."

"अगं, त्यापेक्षा सोपं आहे," सर म्हणाले आणि बाईंचे एकोणीस पुसून त्यांनी तिथे बारा लिहिले.

"अहो, ते माझे..." एवढंच ऐकू आलं.

शून्य बरोबर शून्य. अनंत उकली, म्हणजे दोन्ही रेषा एकच. सरांना केवढं हायसं वाटलं! घर पुन्हा घराएवढं झालं, चहाचा कप हातात आला. चहा अजून गरम होता.

शेजारच्या कुमुदताई दारात आल्या. "बाई कुठायत हो?"

"आहे की इथेच," सर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

कुमुदताई गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणी पाहिली, अंगण पाहिलं. उन्हात एकच सावली पडली होती. "अगं, चुकलं माझं," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण ऐकायला समोर कुणी नव्हतं. घाबरून त्यांनी बायकोचा हात शोधला. या वेळी तो लगेच सापडला. त्यांनी तो डाव्या मुठीत घट्ट धरला. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या, बोटांना रांगोळी लागली होती. तो त्यांच्याच सदऱ्याच्या उजव्या बाहीतून आला होता आणि मुठीतून सुटायला धडपडत होता.