चौथ्या नळीवरचा बाण

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दुपारी मी नळ्यांचे फोटो एकाखाली एक लावायला बसले आणि चौथ्या नळीपाशी अडले.

तळ्याच्या तळात एकाच जागी, एकीच्या खाली एक अशा सहा नळ्या ठोकून आम्ही हिमयुग ओसरल्यापासून आजपर्यंतचा गाळ वर काढला होता. नळी उभी चिरायची, बोटाबोटाच्या अंतरावर चिमूटभर गाळ घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले परागकण नि कोळशाचे कण मोजायचे. परागकणांवरून झाडी कळते, कोळशावरून आग. तीन वर्षं मी डोळे फोडून मोजत होते. चौथ्या नळीत सापडलं: आधी कोळसा काही काळ वाढून ओसरला, मग झाडं घटून पुन्हा सावरली. म्हणजे जंगल माणसानेच जाळलं. सगळा प्रबंध या एका वाक्यावर उभा होता.

आता पाचव्या नळीच्या वरच्या टोकाला पुराने आणलेल्या राखाडी मातीचा पट्टा दिसत होता. तो चौथीच्या खालच्या टोकाला चालू राहायला हवा. तो होता चौथीच्या वरच्या टोकाला. मी अतिशहाणीने त्याचे दोन वेगळे पूर करून ठेवले होते.

चौथी नळी काढली त्या दिवशी मी तापाने फणफणले होते. तळ्यातल्या तराफ्यावर माझ्या जागी बाबा होते. उभा जन्म विंधणविहिरी खोदलेला माणूस, लेकीच्या कामाला हौसेने आलेला. आमच्या प्रयोगशाळेत नळीवरचा बाण वरचं टोक दाखवतो. मी बाबांना फोन केला आणि सहज आठवल्यासारखं विचारलं, तुम्ही बाण कुठे काढला होता?

"खालच्या बाजूला. पाइप जिकडे जातो तिकडे बाण. आणखी कुठे काढणार?"

मी नळी उलटी वाचली होती. सुलटी केली की झाडं आधी घटत होती आणि कोळसा मागून येत होता. बाबांनी विचारलं, उद्या किती वाजता येऊ? अकराला या म्हटलं आणि फोन ठेवला.

मार्गदर्शक बाईंनी फोटो दोनदा पाहिले. त्यांचंही नाव पणाला लागलं होतं. उद्या आहे तसंच मांड, म्हणाल्या, दुरुस्ती सावकाश करू. वय काढायला आम्ही तिसऱ्या आणि पाचव्या नळीतलाच गाळ पाठवला होता, त्यामुळे कोणाच्या बापाला कळलं नसतं. मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. आणि घरी जाऊन आलेख उलटा करून पुन्हा काढला.

सकाळी सभागृहात चाळीसेक माणसं होती. जुना आलेख दाखवला, मग नवा, आणि नळी उलटी वाचल्यामुळे माझा निष्कर्ष चुकला आहे हे सांगून टाकलं. बाई खाली मान घालून बसल्या. परीक्षकांनी चष्मा काढला आणि विचारलं, तीन वर्षांत नळीची खालची बाजू कोणती हे कुणालाच कळलं नाही?

मी तोंड उघडलं, पण मागच्या रांगेत बाबा उभे राहिले होते.

"बाण मी काढला होता साहेब. तिला ताप होता. आमच्या कामात तो तसाच काढतात."

कुणीतरी हसलं. परीक्षकांनी त्यांना बसायला सांगितलं, नळी उघडण्याआधी विचारणं हे माझं काम होतं असं मला सुनावलं आणि सहा महिन्यांत प्रबंध नव्याने लिहायला सांगितला. पदवी वाचली. मला रडू येईल इतकं हलकं वाटलं.

बाबा बाहेर जिन्यापाशी थांबले होते. मी म्हटलं, तुमची काही चूक नाही, मीच विचारायला हवं होतं. त्यांनी ते ऐकलंसुद्धा नाही.

"काल फोन केलास तेव्हाच तुला कळलं होतं ना?"

"हो."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस? एवढ्या लोकांत का ऐकवलंस?"

ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले.