बिनआवाजाची बोट

नदीतून डिझेलच्या बोटी बंद, असा सरकारी हुकूम आला तेव्हा अख्ख्या धक्क्यावर सगळ्यात खूश झाली ती तिकीटवाली. आणि सगळ्यात जास्त भडकला तो बोटीचा कप्तान, म्हणजे तिचाच नवरा. एका घरात दोन सरकारं म्हणतात ती अशी.

धूर कमी करायचा, हवा तापतेय ती आवरायची, असं हुकुमात लिहिलं होतं. नदीकाठच्या लोकांना हे कुणी शिकवायला नको होतं. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या आता वर्षातून कधीही बुडत, आणि उन्हाळ्यात बोट गाळात रुतली की प्रवासीच उतरून ढकलत. तरी कप्तानाचं आपलं एकच पालुपद. "बॅटरीवर खेळणी चालतात. माणसं नाही!"

तिच्या आनंदाचं कारण मात्र हवाबिवा नव्हतं. सव्वीस वर्षं ती या बोटीवर तिकिटं फाडत होती, आणि सव्वीस वर्षं ते इंजिन मधे बसून भुंकत होतं. नवऱ्याला काही सांगायचं तर घसा फाडायचा, नाहीतर हातवारे करायचे. एवढं करून उत्तर काय, तर "हं". घरी आलं की टीव्ही मोठ्याने लावून बसायचं. जेवताना मात्र समोर बसून तो तिच्या तोंडाकडे एकटक बघायचा. या वयातही बघतो मेला, असं तिला वाटायचं, आणि बरंही वाटायचं. एकदाचं ते धूड भंगारात गेलं की नवऱ्याशी चार शब्द माणसासारखे बोलू, एवढीच तिची इच्छा होती.

पण मधे एक अट होती. नवी बोट हवी तर प्रत्येक कप्तानाने तपासणी साहेबांसमोर प्रवासी घेऊन सहा फेऱ्या मारायच्या. पास झाला तर परवाना. नापास झाला तर त्याचं बोटीवरचं काम त्याच दिवशी संपलं. कप्तान छप्पन्न वर्षांचा होता आणि त्याला बोट सोडून दुसरं काही येत नव्हतं. पाण्यावरून उतरवलं तर हा माणूस घरात चार महिन्यांत वाळून जाईल, हे ती जाणून होती.

परीक्षेच्या सकाळी नवी बोट धक्क्याला लागली. पांढरीशुभ्र, धुराडं नाही, वास नाही. साहेब तिशीचे, गळ्यात ओळखपत्र, हातात फळी आणि फळीवर कागद. कप्तानाने चाक धरलं, कळ दाबली आणि बोट निघाली. निघाली कधी ते कुणाला कळलंच नाही. कप्तानालाही नसावं, कारण तो दोनदा वाकून खाली पाण्याकडे बघत होता.

ही सवयीप्रमाणे प्रवाशांमधून ओरडली, "अहो! तुमची ती भोकाभोकांची बनियन मी पुसायला घेतली हं!"

त्या शांत बोटीत ते वाक्य या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. चाळीस माणसं खो खो हसली. रोजचे प्रवासी मास्तर म्हणाले, "काकू, इंजिन गेलं आता, हळू बोला. नाहीतर धुण्याचा सगळा हिशोब कळेल आम्हाला." ती लाजेने लाल झाली. कप्तान मात्र वळला नाही. रुसलाय, असं तिला वाटलं.

चार फेऱ्या छान झाल्या. बोट धक्क्याला अशी लागली की कुणाच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणीही हललं नाही. साहेबांनी कागदावर चार खुणा केल्या.

पाचव्या फेरीत बोट पुलाच्या खांबाजवळ आली. खांबाच्या आडून कोळ्याची होडी बाहेर येत होती. कोळ्याने शिट्टी मारली. पुन्हा मारली. मग हाका मारल्या. साहेब त्या वेळी मागच्या बंद खोलीत बॅटरीचा काटा बघत होते. तिने मात्र सगळं स्पष्ट ऐकलं, आणि कप्तान वेग कमी करील म्हणून ती वाट बघत राहिली. त्याने केला नाही. ती धावली आणि तिने त्याचा खांदा गच्च धरला. त्याने दचकून पाहिलं, चाक फिरवलं, आणि होडी हातभर अंतरावरून निघून गेली. कोळ्याने ज्या शिव्या घातल्या त्या इथे सांगण्यासारख्या नाहीत.

तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. ती त्याच्या पाठीमागेच उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "अहो."

काही नाही.

"अहो, तुमच्या बहिणीने दिलेला कपबशांचा सेट मी वाटून टाकला."

या वाक्यावर कुठल्याही दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं त्याने. तो समोर पाण्याकडे बघत होता. म्हणजे इंजिनाचा दोष नव्हता. इंजिनाने उलट याची लाज झाकली होती, म्हणून हा त्याच्यासाठी एवढा भांडत होता! आणि जेवताना तोंडाकडे बघायचा तो कौतुकाने नव्हे, ओठ वाचायला.

सहावी फेरी संपली. साहेब हसत आले. "हात काय सुरेख आहे हो कप्तानांचा! सही करतो."

झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहिली असती तर सगळं मिळालं असतं. नवी बोट, नोकरी, त्याचा ताठ कणा. पण उद्या ती तापाने घरी राहिली, आणि खांबाआडून दुसरी होडी आली तर? तिने चाळीस माणसांकडे पाहिलं. मास्तर पिशवी आवरत होते.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. "यांना ऐकू येत नाही."

बोटीत सगळ्यांनी ऐकलं. फक्त दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या कप्तानाने ऐकलं नाही. तो दोर बांधत होता.

साहेबांचं पेन थांबलं. ते हळूच म्हणाले, "मग आज नाही देता येणार, काकू. कान तपासावे लागतील, यंत्र लावावं लागेल. त्यानंतरही देतीलच असं नाही."

प्रवासी उतरले. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, ओठ नीट दिसतील अशी. "मी साहेबांना सांगितलं. तुम्हाला ऐकू येत नाही ते. कधीपासून?"

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो म्हणाला, "सातेक वर्षं."

सात वर्षं! ती मनातल्या मनात मागे गेली आणि एका ठिकाणी अडली. "चार वर्षांपूर्वी जुन्या बोटीवर मी अशीच मागे उभी राहून तुमच्या कानाशी म्हटलं होतं. छातीत गाठ आहे, दवाखान्यात चला, मला भीती वाटते. तोंडावर सांगायचा धीर नव्हता मला. तुम्ही हं म्हणालात आणि चाक फिरवत राहिलात."

कप्तानाच्या हातातून दोर सुटला. बोट धक्क्यापासून हळूहळू दूर जाऊ लागली, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. साहेब, परवाना, पास-नापास, यातलं त्याने काहीच विचारलं नाही.

"एकटी गेलीस?" तो म्हणाला.