दोरा बांधलेला दोडका

“घ्यायचं असलं तर घ्या बाई, न्हायतर ऱ्हावू द्या,” असं म्हणत बियाणांच्या दुकानातल्या सयाजीनं माझ्यासमोर काढलेलं दोडक्याचं बी परत डब्यात ओतलं.

विलायतेत लढाई चालू होती. तिच्यापायी कापड महागलं, रॉकेल महागलं, इतपत मला समजत होतं. पण आगगाडीचे डबे फौजेनं घेतले म्हणून आमच्या परसातलं दोडक्याचं बीही महागावं, हे काही डोक्यात शिरेना. मागल्या मृगाला जेवढ्यात ओंजळभर बी आलं, तेवढ्यात आता चार दाणे येत होते. तशीच परत फिरले.

चातुर्मासात देवाच्या नैवेद्याला परसात पिकवलेलीच भाजी, हा नेम सासूबाई मला सोपवून गेल्या होत्या. नऊ वर्षं तो चुकला नव्हता. पहाटे स्नान, पूजा होईपर्यंत मौन, दिवसातून एकदाच जेवण. गल्ली मला नेमाची बाई म्हणे, आणि ते ऐकायला मला आवडे.

बियाण्याच्या महागाईवर गल्लीतल्या बायकांनी आपला मार्ग काढला होता. आमच्या कुंपणापलीकडं कुतुबुद्दीन पिंजाऱ्याचं घर. त्याची बायको जुलेखा हिनं कागलच्या माहेराहून आणलेला दोडक्याचा वेल उन्हाळाभर पाणी घालून जगवला होता. त्याच्यावरचा सगळ्यांत मोठा दोडका तिनं बियासाठी राखला आणि त्याला लाल दोरा बांधला. दोरा बांधलेल्या फळाला कुणी हात लावत नाही, ही आमच्याकडची रीत. मृगाच्या आधी प्रत्येकीनं मूठभर जोंधळे न्यायचे, जुलेखाच्या सुपात टाकायचे आणि त्याच सुपातून चिमूटभर बी उचलायचं, असं ठरलं होतं. निम्मं बी बायडाबाईला जायचं होतं. ती टोपलीतून भाजी विकून पोट भरी. तिचा सगळा पावसाळा त्या वेलांवर असे.

जुलेखानं मलाही कुंपणावरून आवाज दिला होता. मी नुसती हसले. घ्यायचं तर साऱ्या गल्लीसमोर तिच्या सुपात हात घालावा लागणार होता, आणि ते माझ्यानं होणार नव्हतं.

वैशाखातल्या एका दुपारी सगळीकडं सामसूम होती. दोडका वाळून कुंपणावर कलला होता, वाऱ्यानं आत बिया वाजत होत्या. मी हात वर केला आणि तोडला. दोरा चुलीत टाकला.

बिया चांगल्या काळ्याभोर, टपोऱ्या निघाल्या. मग मनात आलं, नैवेद्याची भाजी व्हायची, बी शुद्ध करून घ्यावं. गोमूत्र शिंपडलं. तेवढ्यानं मन भरेना, म्हणून चुलीवर आधण उकळत होतं, तेच त्यांच्यावर ओतलं आणि संध्याकाळी त्या परसातल्या आळ्यात लावल्या. चोरीचं मला काही वाटलं नाही. बी कुणाच्या घरचं, तेच वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आडावर भांडण ऐकू आलं. दोडका बायडाबाईनंच नेला, असं जुलेखा म्हणत होती. निम्मं बी कमी पडलं असेल, म्हणून सगळंच उचललं, असा टोमणाही तिनं मारला. बायडाबाई रडतही नव्हती, तिचा नुसता घसा बसला होता. मला बघताच ती पुढं आली.

“आक्का, तुमचं घर कुंपनाला लागून. तुमी कुनाला बगितलासा काय? देवाधर्माच्या बाई हायसा, तुमी म्हनशीला ते खरं.”

माझं मौन होतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी ओठांवर बोट ठेवलं, घागर भरली आणि निघाले. पूजा आटोपल्यावर मौन सुटलं. तरी मी घराबाहेर पडले नाही. त्या दिवशी नाही, पुढं दहा दिवस नाही. तेवढ्या दिवसांत गल्लीनं बायडाबाईशी बोलणं टाकलं.

आळ्यात एक कोंब वर येईना. अकराव्या दिवशी उकरून बघितलं, तर सगळ्या बिया पिचपिचीत, कुजलेल्या. मी तशीच मातीच्या हातांनी जुलेखाच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं.

तिनं पहिल्यांदा विचारलं ते बियांबद्दल. “किती उगवल्या?”

“एकही नाही. मी वर आधण ओतलं होतं.”

“आदण? बियावर? कशापायी?” एवढं विचारून ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. हळूहळू तिच्या ध्यानात आलं आणि तिची नजर खाली गेली.

“मागितला असतासा तर दिलो असतो की,” ती म्हणाली. “तुमच्या पायरीवर ठेवून लांब उभा ऱ्हायलो असतो. एवढं शिजवायचं काय कारन हुतं, आक्का?”



समोरून बायडाबाई रिकामी टोपली घेऊन बाजारातून परत येत होती. जुलेखानं तिला हाक मारली. ती लांबच थांबली.

“दोडका घावला गं,” जुलेखा म्हणाली. “उगाच बोललो तुला. चुकलं माझं.”

“कुटं घावला?”

“घावला, बास,” जुलेखा म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाचवायला ती समोर उभी होती, आणि मी तिच्या आड वाचत होते.

“माझ्या घरी,” मी म्हणाले. “मी तोडला होता. बी वाया गेलं सगळं.”

बायडाबाई आता काही बोलेल म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. तिनं टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि आपल्या घरी गेली. दाराची कडी लागल्याचं ऐकू आलं.

जुलेखा वेलाचा मांडव उतरवायला वळली. जुना वेल वाळून गेला होता, यंदा त्याच्यावर चढायला काही नव्हतं. सुतळ्या सोडत सोडत तिनं एक बांबू मोकळा केला आणि त्याचं दुसरं टोक माझ्याकडं केलं.

“धरा,” ती म्हणाली.

मी धरलं.