पोकलेनच्या नाकात पाणी

“आता जे सांगतो त्याच्यावर तुमच्यातला एकबी माणूस इश्वास ठेवणार न्हाई,” कुंडलिक म्हणाला आणि बशीतला चहा फुंकर न घालताच ओढला. “ह्या पोकलेननं आज सकाळी मला आपला आजार सांगितला. तोंडानं.”

पाली गावाच्या वर, वस्तीकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या कडेला फुलाबाईनं पत्रे ठोकून चहाचं दुकान मांडलं होतं. तिथं बसलेली माणसं हसली. बाजीशेठही हसले. रस्त्याचा ठेका त्यांचा आणि समोर उभं असलेलं पोकलेनही त्यांचंच. कुंडलिकचं गॅरेज खाली नसरापूरला, पण भोर-वेल्ह्यात त्याचं नाव झालं होतं ते पान्यापेक्षा थापांनी. एकदा म्हणे त्यानं फोनवरूनच मशीन दुरुस्त केलं. ऑपरेटरनं मोबाईल पंपाला लावून धरला आणि ऐकता ऐकता इकडं कुंडलिकच्या कानातून ऑइल गळायला लागलं. एकदा बकेटमध्ये बिबट्या झोपलेला, तर त्याची झोप मोडू नये म्हणून ह्यानं इंजिनाला कुजबुजत चालायला लावलं. लोक माना डोलवत, आणखी एकेक चहा सांगत आणि कुणाचं काही बिघडत नसे.

आज एकाचं बिघडणार होतं. पहिल्या घोटापासून कुंडलिकला ते ठाऊक होतं.

परवापासून मशीन मरगळलं होतं. इंजिन ठणठणीत, पण हात उचलायला सांगितला की दुखणाईत म्हातारी अंथरुणातून उठावी तसा उचलायचं. स्क्रीनवर पुढच्या पंपाच्या दाबाची तक्रार. पंप गेला असं शेठनी धरूनच टाकलं होतं, आणि तो ऑपरेटरच्या आडदांडपणानं गेला असंही. ऑपरेटर म्हणजे कुमार, फुलाबाईचा मुलगा. शेळ्यामेंढ्यांमागं डोंगर तुडवणाऱ्या त्या घरातला मशीनवर बसलेला पहिलाच. शेठनी सकाळी सगळ्यांसमक्ष सांगितलं होतं की चूक ज्याची निघेल, त्यानं उद्यापासून इकडं फिरकायचं नाही.

कुंडलिकनं पंपाला हात लावला नाही. पोकलेनला पंप दोन, आणि दोघांवर दाब मोजणारा एकेक सेन्सर, जुळ्या भावांसारखे. त्यानं मशीनमधला दाब उतरवला, दोन्ही सेन्सर काढले, ह्याच्या जागी तो आणि त्याच्या जागी हा असे बसवले आणि कुमारला इंजिन चालू करायला सांगितलं. तक्रार पुढच्या पंपावरून उठली आणि मागच्या पंपावर जाऊन बसली. म्हणजे दोन्ही पंप निरोगी होते. एक सेन्सर खोटं सांगत होता. दाब नसताना लई दाब आहे म्हणून ओरडत होता, आणि ते ऐकून मशीन भिऊन हात आखडत होतं.

इथवर कुंडलिकची छाती फुगलेली होती. मग त्यानं त्या सेन्सरच्या वायरीचा प्लग डोळ्यांजवळ नेला. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या, आणि काढताना न बघताच मागं सरकवलेला नाडाछडीचा लाल-पिवळा दोरा प्लगाच्या गळ्याशी तसाच होता. खंडेनवमीला मशीनची पूजा करताना कुंडलिकलाच प्लगाची क्लिप तुटलेली दिसली होती. क्लिपेसाठी खाली कोण जाणार, म्हणून त्यानं पूजेच्या ताटातला दोराच घट्ट गुंडाळला. देवाचा दोरा, त्याला काय होतंय. तेव्हापासून डोंगरावरचं सगळं धुकं आणि सगळं दव तो दोरा वातीसारखं ओढून आत पोचवत राहिला होता.

कुमार चिंधी आणायला खाली उतरला होता तेवढ्यात कुंडलिकनं दोरा सोडून खिशात कोंबला.

कंपनीचा लॅपटॉपवाला बोलवावा असं शेठ अलीकडे येताजाता म्हणत. नसरापूरचं गॅरेज उघडं असे त्यापेक्षा बंदच जास्त असे. ह्या एका मशीनपाशी आलं की अजून कुणीतरी त्याला वस्ताद म्हणून हाक मारायचं. हाक मारणारा कुमारच होता, पण तो विचार कुंडलिकनं मनात पुरता येऊच दिला नाही.

“तर म्या मशीनला इचारलं, बाई, दुखतंय कुठं? तर म्हनती, वस्ताद, नाकात पाणी गेलंय.”

पुन्हा हसू उसळलं. ते ओसरल्यावर शेठनी शांतपणे विचारलं, पाणी गेलं कसं?

मग नाक म्हणजे प्लग असं सांगून कुंडलिकनं ते रंगवून सांगितलं. बाजाराच्या आदल्या दिवशी कुमारनं मशीन कसं धुतलं, म्हशीला डोहात लोटावं तसं. फवाऱ्याला जोर असा की खाली वरवे बुद्रुकला लोकांनी छत्र्या उघडल्या. माणसं मांड्यांवर थापा मारत हसली, आणि त्या हसण्याच्या पोटातून कुमारचं नाव गुपचूप शेठपर्यंत गेलं. कुंडलिक थांबला. इतकी वर्षं ह्या जागी कुणीतरी म्हणायचंच, थापा नका मारू. आज कुणी म्हणालं नाही. छत्र्या सोडून बाकीचं सगळं लोकांना पटलं होतं.

“धुतलं व्हतंस का?” शेठनी विचारलं.

“व्हय,” कुमार म्हणाला. “धुतलं व्हतं.” त्यानं एकदा वस्तादाकडं पाहिलं. शेठनी हात पसरला तेव्हा त्यानं खिशातून किल्ली काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली, हळूच, मोडेल की काय अशी. मग आपले दोन्ही हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

फुलाबाईनं स्टोव्ह बंद केला. त्याचा फरफराट थांबल्यावर दुकान एकदम रिकामं वाटलं.

“धुतलं तवा म्या हितंच व्हते,” ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. शेठकडं तिनं पाहिलंही नाही, ती कुंडलिककडंच बघत होती. “दुधाच्या रिकाम्या पिशव्या म्याच दिल्या त्याला. आदी समद्या प्लगांवर पिशव्या बांधायच्या, मंग पाणी मारायचं, ही रीत तुमीच शिकिवली त्याला. एक प्लग उघडा ऱ्हायला न्हाई, म्या बघितलंय. त्यो तुमचं नाव घिऊन बांधत व्हता. खोटं बोलताय तुमी, कुंडलिकदादा.”