बाहीचं माप

शिंपीकाकांच्या शर्टाला उजव्या खांद्यावर बरोबर चार बोटांची फट होती. आत तीन टिचबटणं. ती उघडली की गळ्याजवळची डायलिसिसची नळी बाहेर काढता यायची, लावली की शर्ट शर्टासारखा. शिवण इतकी बारीक, की सिस्टरांना ती आधी दिसलीच नव्हती.

नळी खरं तर तात्पुरती होती. हातातली शीर आणि धमनी जोडायचं छोटं ऑपरेशन करा, मग सुया हातातच टोचता येतील, असं डॉक्टर आठ महिने सांगत होते. नळीमुळे दोनदा जंतुसंसर्ग होऊन ताप आला होता. पुढच्या वेळी तो हृदयापर्यंत जाऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं होतं.

"गळ्याला खिडकी शिवून बसलेत," डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर काकू म्हणाल्या. "आता दार कशाला उघडतील!"

"डाव्या हातानं कापड सरकवतो मी. तो बधिर झाला तर तू सरकवणार?"

"सरकवीन की. तिरकं जाईल, एवढंच."

पलीकडे बसलेल्या पार्लरवाल्या बाई हसल्या. त्यांच्या डाव्या हाताचं हे ऑपरेशन आधीच झालं होतं. "काका, मलाही असं शिवून द्या ना. बाहीला. वर सरकवली की हाताला काचते."

काकांनी खिशातून टेप काढली. "कुठून कुठपर्यंत?"

"हात लावून बघा. मोडत नाही."

त्यांनी बाईंच्या डाव्या हातावर दोन बोटं ठेवली. आत काहीतरी घरघरत होतं, बारीक आणि अखंड. त्यांनी बोटं उचलली, परत ठेवली. चालत्या शिलाई मशीनवर हात ठेवला की असंच लागतं.

"सारखं चालू असतं?"

"झोपेतसुद्धा. थांबलं तर धावत इकडे यायचं."

"आणि बोटं?"

"महिनाभर गार पडायची. आता गिऱ्हाइकाचे केस याच हातात धरते, कापते उजव्यानं."

काकांनी बाईंचं माप लिहून घेतलं. मग स्वतःची डावी बाही वर केली आणि टेपचं टोक काकूंच्या हातात दिलं.

"इथे धर. ओढू नकोस."

"हे काय आता?"

"नंतर सूज येईल. माप आधीच घेतलेलं बरं."

सिस्टर वजनासाठी बोलवायला दारात आल्या. काकांनी टेप गुंडाळली.

"सिस्टर, डॉक्टरांना सांगा, ऑपरेशन करून घेतो. डावा हात."