राखणीच्या दिवशीचा डबा

ऐक गो, मधे बोलू नको, आधी नुसतं ऐक! आपली निशिगंधा दुपारी दार उघडते, तर पायरीवर डबा. आजूबाजूला कोणी नाय. झाकण काढते तर काय, कोंबडी नि वडे, वाफाळते!

दुसरी कोणी असती तर नाचली असती. लोटे गावातल्या कंपनीने नवऱ्याला, केतनला, घरी बसवल्यापासून त्यांच्या सावर्ड्याच्या खोलीत पेज नि सुकटच चाललेली. फोन येईल, कामावर बोलावतील, म्हणून नुसती वाट बघणं. पण हिने झाकण परत लावलं. कारण डबा ओळखीचा, सासूचा, बाजूला पोचा पडलेला. नि दिवस कोणता? वरच्या वाडीत राखण! म्हणजे शेताच्या राखणदाराला कोंबडा द्यायचा नि तोच शिजवून सगळ्यांनी खायचा.

नि ही सासू, सोनूबाई, दोघांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाय. दोघं रोज संध्याकाळी गुडघ्यावर, "प्रभू, आईचं मन वळव." आणि आज अचानक डबा?

"आलं बघ उत्तर!" केतन हात धुवून बसलासुद्धा.

"थांबा. ह्यात काहीतरी हाय. आपण खाल्लं की वाडीभर बोलतील, आले परत आपल्या देवाकडं."

"अगो, माझी आय हाय ती, सीआयडी नाय! नि पास्टर काय म्हणाले? पुढ्यात आलेलं मुकाट खावं, खोदून विचारू नये. पण कोणी तोंडानं सांगितलंच की हे देवाला दाखवलेलं हाय, तर हात लावायचा नाय."

"मग मी विचारणारच!"

डबा उचलला नि निघाली चढणीने सासूच्या घरी. मागून केतन धावत, "विचारू नको गो, निशी!"

सोनूबाई अंगणात होती. परत आलेला डबा बघून तिचं तोंडच उतरलं.

"परत आणलास? विष घातलंय काय मी?"

"आई, हा राखणीतला काय?"

पडवीत बसलेला दीर रघू खो-खो हसला. "वयनी पंचनामा करायला आली!"

सोनूबाईने पदराला हात पुसले. मग हळूच म्हणाली, "नाय. तुमच्यासाठी कोंबडा येगळा कापला. राखणीच्या आधी. देवाच्या आधी कापला हे वाडीत कळलं तर मलाच बोल लावतील. आता बसा नि जेवा."

रघूचं हसणं एकदम थांबलं. का थांबलं? खरं ऐकून, की खोटं ऐकून? निशिगंधा त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने नजर चुकवली.

पानं मांडली. केतनच्या डोळ्यांत पाणी. निशिगंधाने डोळे मिटून आशीर्वाद मागितला, डोळे उघडले, नि बघते तर झाकणाच्या आतल्या कडेला कुंकवाचं बोट!

सोनूबाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतंच म्हणा. हात लागला असेल. नायतर...

सोनूबाई समोर बसलेली, आपल्या पानाला हातसुद्धा न लावता. हिच्याच हाताकडे बघत.

निशिगंधाने केतनला दिसायच्या आत अंगठ्याने कुंकू पुसलं, वडा मोडला नि पहिला घास घेतला. तेव्हा कुठे सोनूबाईने आपल्या पानाला हात लावला. "मीठ बरोबर हाय ना गो?" कितीतरी दिवसांनी हिच्याशी अशी मायेने बोलली.

आता तू सांग. ते कुंकू तुला दिसलं असतं, तर तू काय केलं असतंस?